शून्य लिही

नऊ नंबरची शाळेची बस माझी.
सात वीसला, झुंजुमुंजु होताना,
कांगासांच्या गोठ्यापाशी ऑगी चढतो
आणि माझ्या मागच्याच सीटवर बसून
वहीत हरणं मोजतो.

ऑक्टोबरभर आकडे चढते होते:
चौदा. अकरा. एकदा सतरा.
कापलेल्या मक्याच्या खुंटांत माना घालून
माद्या चरत असायच्या, दिवे अंगावर पडले
तरी नुसत्या बघायच्या,
शेजारणीनं पडदा सारून बघावं तशा.
नोव्हेंबर लागला आणि नरांना तर भानच उरलं नाही.
मान फुगलेली, नाक जमिनीला,
भर रस्त्यात मादीच्या मागे.
एकासाठी मी तीन मिनिटं हॉर्न वाजवला.
पोरं टाळ्या पिटत होती.

मग पंधरा तारीख.
त्या दिवशी आमच्याकडे शाळेलाच सुट्टी.
गणिताचे सर, पाद्रीबाबा, पेट्रोलपंपावरची अर्डिस,
सगळे नारिंगी जाकिटं घालून जंगलात.
मी कॉफी ओतत होते.
सात अठराला पहिला बार.
नदीपलीकडून दुसरा.
मग मी मोजणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी ऑगीनं बाहीनं काच पुसली.
खुंटं होती, वर बर्फाची पातळ साय होती.
"गेली कुठं?"

कुठं जायचीत? इथंच आहेत.
दिवस तेवढा सोडलाय त्यांनी, रात्र धरलीय.
तेच शेत, तोच मका, पण रात्री दोनला,
आणि तेही एकीनं मान वर ठेवायची
तेव्हा दुसरीनं खाली घालायची.
गाडीच्या आवाजाचं त्यांना काही नाही;
गाडीचं दार लागलं, की संपलं.
मोकळ्या रानातून बारा पावलांत जायची वाट
आता दलदलीच्या कडेकडेनं, दीड तासाची.
वाऱ्याला पाठ देऊन बसतात,
मागचं नाकानं राखतात, पुढचं डोळ्यांनी.
पाडसांना हे कोण शिकवतं कळत नाही.
आई एकदा पाय आपटते, बस.

दुकानात ड्वेन म्हणाला, लांडग्यांनी खाल्ली.
दुसरा म्हणाला, उकाडा आहे अजून.
मी पाव घेतला आणि निघाले.

तीस तारखेला, शेवटच्या दिवशी,
आर्वोचं जाकीट चढवून मी त्याच्या मचाणाकडे गेले.
दोन वर्षं झाली, कुणी चढलेलं नाही.
शिडी सोडवून आणायची होती, इतकंच;
उगाच एखाद्या पोरानं चढून पाय मोडायचा.

देवदारांच्या आत अंधार होता
आणि मचाणाच्या बरोब्बर खाली
बर्फ वितळून पडलेले लंबगोल.
एक, दोन… सात.
एक अगदी टोपलीएवढा.
आजूबाजूच्या प्रत्येक मचाणावर माणूस होता पंधरा दिवस.
कुठलं रिकामं आहे हे त्यांना
माझ्या आधी पटलं होतं.

मग दिसली. दोन झाडांपलीकडे उभी मादी,
कान माझ्याकडे, श्वासाची वाफ.
बंदूक मी आणलीच नव्हती,
पण तिला ते कसं कळावं?
जाकीट तर त्याचंच होतं.
मी वळले नाही. आले होते त्याच पाऊलखुणांत
एकेक टाच मागे ठेवत निघाले.
शिडी तिथंच आहे.

सकाळी ऑगी चढला.
"तुम्हाला दिसलं एखादं?"
मी दाराची मूठ ओढली. म्हटलं,
शून्य लिही.
तो हलला नाही. वाकून त्यानं माझ्या बुटाच्या नाडीतून
देवदाराची एक हिरवी काडी काढली,
हुंगली,
वहीत ठेवली,
आणि मागे जाऊन बसला.